रेशनकार्ड आहे, तरी गोळ्या विकतच्या: एमएसच्या खर्चाला मदत कुठून मिळवायची?

वाचकाचं पत्र:

"माझी बायको ३१ वर्षांची आहे. दोन वर्षांआधी तिच्या एका डोळ्याची नजर गेली होती, महिनाभरात परत आली. मागच्या साली दोन्ही पाय जड पडले, लघवीचा त्रास सुरू झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार सांगितला. पाच दिवस भरती ठेवून सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. आता डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूल चालू आहेत. औषध, गाडीभाडं, तपासण्या धरून महिन्याला आठ-नऊ हजार जातात. आमचं चार एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी अन् तूर घेतो. केशरी कार्ड आहे, पण दवाखान्यात सांगतात की योजनेत गोळ्या बसत नाहीत. सावकाराकडून महिना पाच टक्क्यानं पैसे काढले. दीड महिन्यापासून ती दोनच्या जागी एकच कॅप्सूल घेते. आम्हाला मदत कुठं मिळेल?"
एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

भाऊ,

मदतीआधी त्या एका कॅप्सूलचं बोलू. या औषधाचा ठरलेला डोस पहिले सात दिवस १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि पुढे २४० मिलिग्रॅम दोनदा असा आहे. पाकीट पुरवायचं म्हणून दोनाची एक केली की अर्धे पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण अर्ध्या डोसनं झटके (म्हणजे फिट नव्हे, आजार अचानक उफाळणं) रोखले जातात याला आधार नाही, म्हणजे उरलेले अर्धे पैसेही बिनकामाचे जाण्याचा धोका. त्यात एक झटका आला की भरती, एमआरआय आणि तुमची बुडालेली मजुरी मिळून कितीतरी महिन्यांच्या औषधाइतका खर्च उभा राहतो. याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करून खरं ते सांगा. एकदम पूर्ण डोस सुरू करायचा की पुन्हा १२० पासून चढवत न्यायचं, हे ते ठरवतील. पोटात जळजळ होते किंवा चेहरा लाल होऊन आग होते म्हणूनही बरेच जण डोस कमी करतात. तसं असेल तर कॅप्सूल पोटभर जेवणासोबत घ्यायची. ती फोडून किंवा चावून घ्यायची नाही.

आता पैशाचं. दवाखान्यात तुम्हाला सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. सरकारी योजना नुसतं आजाराचं नाव बघून पैसे देत नाहीत, खर्च कुठं झाला ते बघतात. रुग्ण भरती असताना झालेल्या खर्चाला दारं बरीच आहेत. मेडिकलच्या काउंटरवर दर महिन्याला होणाऱ्या खर्चाला जवळजवळ एकही नाही. म्हणून तुमचं काम दोन भागांत आहे. भरतीचा खर्च यापुढे खिशातून होऊ द्यायचा नाही, आणि महिन्याचं औषध जमेल तितकं सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाच्या छताखाली आणायचं.

भरतीपासून सुरू करू, कारण तिथं मिळणारी मदत पक्की आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असं कोणतंही रेशनकार्ड चालतं. योजनेच्या न्यूरॉलॉजीच्या यादीत 'एडीईएम किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसचा रिलॅप्स' या नावानं उपचार नोंदलेला आहे (एडीईएम हा मेंदूचा दुसरा आजार, रिलॅप्स म्हणजे झटका). याद्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे पुढचा झटका येण्याआधीच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर विचारून ठेवा: हा उपचार सध्या कोणत्या नावाखाली आहे, आणि यवतमाळ, वर्धा, नागपूर इथल्या कोणत्या रुग्णालयात न्यूरॉलॉजीसाठी मंजूर आहे. रुग्णालय योजनेत असलं तरी न्यूरॉलॉजी हा विभाग योजनेत नसू शकतो. बहुतेक घोळ इथंच होतो. लोक नुसतं "योजना आहे का?" विचारून भरती होतात आणि बिल येतं तेव्हा कळतं की योजना हाडांसाठी आणि हृदयासाठी होती.

भरतीच्या वेळी आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या टेबलावर जायचं, मग कॅश काउंटरचं बघायचं. सोबत आधार, ऑनलाइन नोंद असलेलं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड आणि जुने रिपोर्ट हवेत. रेशनकार्डावर तिचं नाव लग्नानंतर चढलं आहे का, हे आजच बघा. नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल तर मंजुरी अडकते आणि तहसीलमधून नाव कमी करून इकडं चढवायला वेळ लागतो. मंजुरी मिळाली की तपासण्या, औषधं, जेवण आणि घरी परतीचं एसटीचं भाडं पॅकेजमध्येच येतं. सुटी झाल्यावर १० दिवसांचं औषधही. त्यात बाहेरून काही आणायला सांगितलं तर चिठ्ठी आणि पक्कं बिल जपून ठेवून त्याच क्रमांकावर तक्रार करायची. मागच्या भरतीचे पैसे मात्र आता परत मिळणार नाहीत. ही योजना कॅशलेस आहे, भरलेलं बिल ती परत करत नाही.

आता महिन्याचं औषध, म्हणजे अवघड भाग. पहिलं पाऊल, तिची केस सरकारी न्यूरॉलॉजी ओपीडीत नोंदवा. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. खासगी डॉक्टर सोडा असं यात नाही. वर्षातून दोन-तीनदा सरकारी केसपेपर झाला की तीन गोष्टी हाती येतात: आजाराचं सरकारी निदान, जे पुढं प्रत्येक अर्जाला लागतं, सवलतीतला एमआरआय, आणि समाजसेवा अधीक्षकाची ओळख. सरकारी मेडिकल कॉलेजांत हे पद असतं, पण पाटी कोपऱ्यात असल्यानं कोणी तिकडं फिरकत नाही. रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीतून किंवा देणगीदारांकडून औषध मिळवून देणं, फी माफ करून घेणं ही त्यांचीच कामं आहेत. त्यांच्याकडे उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली महिन्याच्या औषधाची मात्रा घेऊन जा. "काहीतरी मदत करा" म्हटलं की ऐकून घेतात आणि तिथंच राहतं. "२४० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल दर महिन्याला" असं लिहिलेलं असलं की फाइल होते.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: रिटुक्सिमॅब चालेल का? हे मूळ रक्ताच्या कॅन्सरचं औषध. एमएससाठी ते कंपनीच्या लेबलवर नाही, पण जगभर आणि आपल्याकडेही न्यूरॉलॉजिस्ट ते वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी ग्लॅटिरामर आणि क्लॅड्रिबिनसोबत त्याचं नाव घातलं. स्वीडनमधल्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत डायमिथाइल फ्युमरेट घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के, तर रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के रुग्णांना झटका आला. भारतीय कंपन्यांचं रिटुक्सिमॅब २००७ पासून बाजारात आहे आणि ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत असल्यानं त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की हे औषध साधारण सहा महिन्यांतून एकदा, रुग्णालयात, सलाइनमधून देतात. म्हणजे बारा महिन्यांचा काउंटरचा खर्च वर्षातल्या दोन भरत्यांमध्ये येतो, आणि भरतीला मदत मिळते हे वर सांगितलंच. फुले योजनेत रिटुक्सिमॅब कॅन्सरसाठी आहे म्हणून एमएसला मिळेलच असं धरून चालू नका. धर्मादाय रुग्णालय किंवा मुख्यमंत्री निधी ही त्याची दारं आहेत, ती पुढं येतात. औषधाला धोकेही आहेत. सुरू करण्याआधी कावीळ बी, क्षयरोग आणि रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनच्या तपासण्या लागतात, लसी आधी उरकाव्या लागतात, आणि जंतुसंसर्ग लवकर होऊ शकतो. मूल हवं असेल तर तेही आधी सांगायचं. स्वस्त म्हणून टेरिफ्लुनोमाइडच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर हाच मुद्दा आणखी कडक होतो. गरोदरपणात त्या चालत नाहीत, आणि बंद केल्यावरही त्यांचा अंश शरीरात बराच काळ राहतो.

त्याआधी फाइलमध्ये आणखी एक कागद शोधा: एक्वापोरिन-४ अँटिबॉडी या रक्ततपासणीचा रिपोर्ट. नजर जाणं, मग पाय आणि लघवी, हा क्रम एनएमओ नावाच्या दुसऱ्या आजारातही दिसतो. तो एमएसचा भाऊबंद वाटतो, पण औषधं वेगळी आहेत. एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात. एनएमओत ॲझाथायोप्रिनसारखी स्वस्त गोळीही वापरतात. ही तपासणी झाली नसेल तर "करायची गरज आहे का?" एवढं विचारा. चुकीच्या आजाराचं महाग औषध घेत राहण्याइतका वाईट खर्च दुसरा नाही.

औषध विकतच घ्यावं लागलं तर चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. डायमिथाइल फ्युमरेट, टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमोड ही तिन्ही भारतीय कंपन्या बनवतात आणि ब्रँडाब्रँडांत किमतीचा फरक मोठा असतो. 'फार्मा सही दाम' हे सरकारी ॲप फोनवर टाकून तीन-चार ब्रँडची किंमत बघा, मग गावच्या किंवा यवतमाळच्या मेडिकलवाल्याला ठरावीक ब्रँड कंपनीच्या स्टॉकिस्टकडून मागवायला सांगा. दर महिन्याचं नक्की गिऱ्हाईक असलं की छापील किमतीवर सूट मिळते, ती मागायला लाजू नका. एम्समधल्या अमृत फार्मसीतही, म्हणजे सवलतीच्या सरकारी औषध दुकानात विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा बिलात तो ५ आहे ना ते बघा. बिल, बॅच नंबर आणि मुदत याशिवाय औषध घेऊ नका. महागड्या कॅप्सूल कुणी "अर्ध्यात देतो" म्हटलं तर घेऊ नका. जनऔषधी केंद्रात एमएसची मुख्य औषधं सहसा नसतात, पण पाय ताठरतात त्यासाठीचं बॅक्लोफेन, आग होते त्यासाठी गॅबापेन्टिन किंवा प्रेगाबॅलिन आणि जीवनसत्त्वं तिथं बरीच स्वस्त पडतात. 'जनऔषधी सुगम' ॲपवर नाव टाकून आधी खात्री करा.

ज्या कंपनीचं औषध चालू आहे तिची रुग्णसहाय्य योजना आहे का, हे डॉक्टरांच्या सहायकाला विचारा. महाग इंजेक्शनांना अशा योजना असतात: इतके डोस घेतले की इतके मोफत. नोंदणी डॉक्टरांमार्फतच होते आणि बहुतेक वेळा पहिलं पाकीट घेण्याआधी करावी लागते. शिवाय मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची रुग्णांची संस्था आहे. मुंबई आणि पुणे इथं तिच्या शाखा आहेत. सभासद म्हणून नोंदणी करून औषध आणि फिजिओथेरपीच्या मदतीसाठी अर्ज मागवा. पैशाची मदत कमी-जास्त मिळेल, पण कोणतं औषध सध्या कुठं स्वस्त आहे हे त्यांच्या सभासदांना आपल्याकडच्या मेडिकलवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तो कागद, दिव्यांग प्रमाणपत्र. लोक समजतात की चाकाची खुर्ची आल्यावरच ते मिळतं. तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव घालून दिलेलं आहे. ४० टक्के किंवा जास्त भरलं की बहुतेक लाभ सुरू होतात. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर करायचा, सेतूवालाही करून देतो. तो करताना बाजूला बसा. प्रकार निवडताना सेतूवाला सवयीनं 'अस्थिव्यंग' टाकतो. तुम्ही 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार' आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस निवडायला लावा. नाहीतर वैद्यकीय बोर्डाच्या तपासणीच्या दिवशी चुकीच्या डॉक्टरांपुढं उभं राहून परत यावं लागतं. तुमच्यासाठी बोर्ड यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बसतो. तपासणीचे वार ठरलेले असतात, ते विचारून निघा.

एमएसमध्ये त्रास वर-खाली होतो, त्यामुळे बोर्डापुढं नेमकं काय मांडायचं हे महत्त्वाचं. ऐन झटक्यात गेलात तर "बरं झाल्यावर या" म्हणतात. बऱ्या दिवशी चालत गेलात आणि "थोडा थकवा असतो" एवढंच बोललात तर टक्के कमी पडतात. झटक्यातून सावरून प्रकृती स्थिरावल्यावर जा, आणि न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून न्या: ईडीएसएसचा आकडा (एमएसमुळे किती अपंगत्व आलं त्याचं माप), किती मीटर आधाराशिवाय चालता येतं, दोन्ही डोळ्यांची नजर, लघवीवरचा ताबा, हातांची ताकद. नजर आणि लघवी हे दोन मुद्दे बाया बोर्डापुढं सांगत नाहीत, सोबतच्या पुरुषाला तर माहीतही नसतात. म्हणून ते कागदावर असलेले बरे. प्रमाणपत्र काही वर्षांपुरतं मिळालं तर मुदत संपण्याच्या तीन महिने आधी पुन्हा अर्ज करा, मधे खंड पडला की पेन्शनही थांबते.

या कागदावर पहिलं दार संजय गांधी निराधार अनुदान योजना. ४० टक्क्यांपुढील दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये आहेत, आधी १,५०० होते. वय १८ ते ६५ आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत ही अट आहे. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. वहिनींना लाडकी बहीणचे १,५०० येत असतील तर दोन्ही घेता येत नाहीत, कारण दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळणारी बाई त्या योजनेला अपात्र ठरते. २,५०० मंजूर झाले की लाडकी बहीण स्वतःहून सोडा. लपवलं तर वसुली निघते.

दुसरं दार गावातच आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, जिल्हा परिषदेनंही. लहान गावात ती रक्कम किरकोळ असते, पण मागितल्याशिवाय तीही मिळत नाही. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. एसटीत महिला म्हणून तिला अर्धं तिकीट आहेच. दिव्यांग कार्डावर ७५ टक्के सवलत आहे, म्हणजे पावच तिकीट लागेल. सोबत्याला ५० टक्के सवलत हवी तर दिव्यांगत्व ६५ टक्क्यांपुढं लागतं.

उत्पन्नाच्या दाखल्याचं नीट समजून घ्या, कारण प्रत्येक दाराची पट्टी वेगळी आहे. संजय गांधीला ५०,०००, मुख्यमंत्री सहाय्यता निधीला १ लाख ६० हजार. धर्मादाय रुग्णालयात १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटक. दाखला तहसीलदाराचा आणि चालू वर्षाचा लागतो. तलाठी अहवाल लिहितो तेव्हा सातबारा आणि आठ-अ सोबत द्या, त्यावर जमीन कोरडवाहू असल्याची नोंद दिसते. विहीर कागदावर असून आटलेली असेल तर तेही सांगा. नाहीतर बागायती धरून आकडा चढतो आणि संजय गांधीचं दार तिथंच बंद होतं. एकच खरा दाखला काढा आणि सगळीकडे तोच जोडा. वेगवेगळ्या आकड्यांचे दोन दाखले एका टेबलावर आले की दोन्ही अर्ज गेले.

धर्मादाय रुग्णालय म्हणजे सार्वजनिक न्यासाचं, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं रुग्णालय. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ एए आणि उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी ५० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. रिटुक्सिमॅबसारखं भरती करून द्यायचं औषध ठरलं तर हा रस्ता सगळ्यात कामाचा. भरतीआधी तिथल्या समाजसेवकाला भेटा, दाखला आणि रेशनकार्ड द्या आणि "निर्धन रुग्ण म्हणून दाखल" असं केसपेपरवर लिहून घ्या. डिस्चार्जच्या वेळी दाखला काढला तर "आधी का सांगितलं नाही?" हे उत्तर ठरलेलं आहे. खाट नाही म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी हा त्यानंतरचा पर्याय. फुले योजनेत किंवा धर्मादायमध्ये जमलं नाही तरच. अर्ज ऑनलाइन किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात होतो, मोफत क्रमांक १८०० १२३ २२११. रुग्णालय त्यांच्या यादीत हवं, खर्चाचं अंदाजपत्रक हवं, खासगी रुग्णालयाचं असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही हवी. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात आणि सुटी झाल्यावर केलेला अर्ज चालत नाही. अंदाजपत्रकात नुसतं 'एमएस' लिहिलेलं असेल तर टेबलावरच्या माणसाला काही कळत नाही. 'मेंदू व मज्जारज्जूचा आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस' असं पूर्ण लिहून घ्या. महिन्याच्या कॅप्सूलसाठी इथं पैसे मिळत नाहीत, त्यावर हेलपाटे मारू नका.

आणखी दोन ठिकाणी वेळ घालवू नका. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे हे खरं, पण त्या यादीत एमएस नाही. 'निरामय' हा १ लाखाचा विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगतेसाठी आहे. एमएसच्या नावावर तो "काढून देतो" म्हणणारा एजंट फक्त फी घेईल. मेरुदंडात स्टेम सेल सोडून एमएस मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्यांकडे तर वळूच नका. तिथं वावर विकायची पाळी येते.

तुम्ही शेतीसोबत बुटीबोरीला किंवा यवतमाळच्या एमआयडीसीत कुठं कामाला लागणार असाल, तर पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) वर्गणी कापणारी नोकरी धरा, मग हजार रुपये कमी मिळाले तरी चालतील. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या बायकोला ईएसआयमधून ओपीडीतलं औषधही मिळतं, आणि वर सांगितलेल्या बाकी योजनांत ते नाही.

खर्च मुळात कमी कुठं होईल तेही बघा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि एमएसच्या रुग्णाला अंगाचं तापमान थोडं वाढलं तरी नजर धूसर होते, पाय गळतात. हा नवा झटका असतोच असं नाही. सावलीत, कूलरसमोर, ओल्या फडक्यानं अंग गार केलं आणि काही तासांत त्रास उतरला, तर नागपूरची गाडी करायची गरज नाही. दुसरं कारण लघवीतला जंतुसंसर्ग. ताप नसला तरी त्यानं जुनी लक्षणं परत वर येतात आणि तो झटका समजून स्टेरॉइड दिलं तर संसर्ग आणखी बळावतो. त्रास वाढला की आधी लघवीची तपासणी. नवीन लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, किंवा नजर, चालणं, लघवी यांतलं काही अचानक बिघडलं, तर मात्र थांबू नका.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, चाचण्या आणि औषधं मोफत आहेत. कॅप्सूल चालू असताना रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी तीन ते सहा महिन्यांनी मोजाव्या लागतात आणि यकृताची तपासणीही करावी लागते. त्यासाठी नागपूरच्या लॅबला पैसे कशाला? दारव्ह्यात करा आणि रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवा. ही तपासणी टाळायची मात्र नाही. पेशी फार खाली राहिल्या तर मेंदूचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. वर्षाच्या एमआरआयलाही दरवेळी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागतंच असं नाही. नुसती पाहणी असेल तर बरेचदा साधा एमआरआय पुरतो. डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या, शक्यतो त्याच मशीनवर काढा आणि फिल्मसोबत सीडी घ्या. सीडी नसली की पुढचा डॉक्टर तुलना करू शकत नाही आणि तोच एमआरआय पुन्हा काढावा लागतो.

शेवटी सावकार. महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ नुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे. तक्रार दारव्ह्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी करायची. दिलेल्या रकमांच्या तारखा, फोन-पेच्या नोंदी, कोऱ्या धनादेशाचा नंबर, जे हाती असेल ते जोडा. वावराची खरेदी करून दिली असेल तर तेही अर्जात लिहा. अवैध सावकारीत गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराची असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत देण्याचा आदेश काढू शकतात.